गावभर दिसलेला डॉल्फिन

“तू बघितलंस का?”

हा शिंदेबाईंचा प्रश्न. कुणी काही सांगायला तोंड उघडलं की बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, सांगणाऱ्याच्या डोळ्यांत बघायच्या आणि एवढंच विचारायच्या. समोर शिपाई असो, सरपंच असो की माझ्यासारखा रोज एकाच एसटीनं अपडाऊन करणारा सहकारी असो, सुटका कुणाचीच नव्हती. मोठ्या माणसांना ‘तुम्ही बघितलं का’ एवढी सवलत मिळायची, बाकी प्रश्न तोच. सुरुवातीची काही वर्षं तो माझ्या डोक्यात जायचा. मी मराठी शिकवतो. न बघितलेल्या गोष्टींवरच माझं पोट चालतं.

शाळा जिल्हा परिषदेची. धाराशिवहून बेंबळीला यायचं आणि तिथून थोडं आत जायचं, की आमच्या शाळेचं गाव. गावाचं नाव मी मुद्दामच सांगत नाही, कारण पुढं जे येणार आहे त्यात अख्खं गाव सापडलंय आणि मला अजून तिथंच नोकरी करायची आहे. बाई विज्ञान शिकवायच्या. उंचीला कमी, आवाजाला भरपूर, अंगावर सुती साडी आणि पायात बूट. साडीवर बूट बघून नवीन पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. पण बाईंचा वर्ग चार भिंतींत फार टिकायचा नाही. ओढ्यात, बांधावर, कुणाच्या तरी ज्वारीत तो हिंडत असायचा, आणि हसणाऱ्या पोराच्या चपलेतून पहिला बाभळीचा काटा आरपार गेला की त्याला बुटाचं महत्त्व पटायचं.

बाईंचं माहेर ईट गावचं, घर शेतकऱ्याचं. वडिलांनी एकदा मेहुण्याच्या शब्दावर बैल न बघताच घेतला होता. बैल दिसायला राजा, पण औताला जुंपला की खाली बसायचा. तो त्यांच्याच दावणीला म्हातारा होऊन मेला. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, निम्मी जिंदगी त्या बसलेल्या बैलाकडं बघत काढली, असं बाई सांगायच्या आणि पोटभर हसायच्या. त्यांच्या प्रश्नाचं मूळ त्या बैलात असावं असा माझा अंदाज आहे.

एकदा गावात बिबट्या आल्याची बोंब उठली. मोबाईलवर फोटोसुद्धा फिरला. दिवसाढवळ्या दारं लागली, पोरं शाळेत यायची बंद झाली, रानात जाणारी माणसं डबे वाजवत जायला लागली. बाईंनी आपला वर्ग माझ्यावर सोपवला आणि चौकशीला निघाल्या. पहिल्यांदा त्यांना सांगितलं होतं खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी, म्हणून सुरुवात मावशींपासून. मावशींना दूधवाल्यानं सांगितलं होतं, दूधवाल्याला चहाच्या टपरीवाल्यानं, टपरीवाल्याला आमच्या मुख्याध्यापकांनी, आणि मुख्याध्यापकांना खिचडीच्या मावशींनी. बाई मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, की सर, बिबट्या तुमच्या आणि मावशींच्या मध्येच कुठंतरी आहे, तेव्हा पोरांना बोलवायला हरकत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरली.

बाईंच्या भाचीला स्थळ आलं तेव्हाही हेच. मुलगा लातूरला चांगल्या नोकरीत आहे म्हणे. टेबलाशी बसलेला कुणी बघितलाय का, असं बाईंनी विचारलं. कुणी बघितला नव्हता. बाई लातूरला गेल्या. मुलगा खरंच टेबलाशी बसलेला होता. एवढ्या लांब आलोच आहोत तर म्हणून त्यांनी त्याच्याकडून तो नेमकं काय काम करतो तेही समजून घेतलं. लग्नात बाई मांडवात शिरल्या तेव्हा नवरदेव बोहल्यावर उठून उभा राहिला, हे मात्र मी स्वतः बघितलंय.

स्टाफरूममध्ये त्यांचं एक कपाट होतं. सापाची कात, सुगरणीचं घरटं, खेकड्याचं कवच, घुबडानं ओकलेला उंदराच्या हाडांचा गोळा, असा सगळा संसार त्यात होता. मधल्या सुट्टीत आपण डबा उघडावा आणि शेजारी बाईंनी कपाट उघडावं, म्हणजे भूक जायची. पण त्यांचा नियम पक्का होता. जे पोरांच्या हातात देता येत नाही ते शिकवताना त्यांना चोरट्यासारखं वाटायचं. ज्वालामुखीचा धडा आला की त्या कुरकुरायच्या, आणि मग मैदानातला काळा दगड उचलून पोरांच्या हातात द्यायच्या. हा त्यातूनच आलाय, आपलं सगळं गाव त्याच्यावर बसलंय, असं सांगायच्या. पोरं दगड कानाला लावून बघायची, अजून काही उकळतंय का म्हणून.

डॉल्फिननं त्यांची पंचाईत केली.

गंगेतला डॉल्फिन हा आपला राष्ट्रीय जलचर प्राणी. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात ही एक ओळ असते, पोरं ती पाठ करतात आणि विसरतात. बाईंना ते चालेना. पण आमच्या पोरांची नदी म्हणजे तेरणा, आणि तेरणा म्हणजे वर्षातले बरेच महिने दगड, वाळू आणि मधे एखादं डबकं. नदीत माणसाहून लांब जनावर राहतं हे त्यांच्या डोक्यात शिरेना. तेव्हा बाईंनी व्हरांड्यात खडूनं खऱ्या मापाचा डॉल्फिन काढला. पाचवीतली दोन पोरं एकाच्या डोक्याला दुसऱ्याचे पाय लावून त्यात झोपवली, तरी त्याची चोच बाहेर राहिली. चोच चिमट्यासारखी लांब आणि दातेरी. डोळ्याच्या जागी त्यांनी खडूचं टोक नुसतं टेकवलं. याला दिसत नाही, त्या म्हणाल्या, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. गढूळ पाण्यात डोळ्याला काम काय? हा आवाज काढतो, आवाज माशावर आपटून परत येतो आणि त्यावरून याला कळतं की जेवण कुठं आहे.

मग त्यांनी मैदानात आंधळी कोशिंबीर लावली. ज्याच्यावर राज्य त्यानं टाळी वाजवायची, बाकीच्यांनी लगेच उलट टाळी वाजवायची, आणि त्या आवाजावर त्यानं पकडायचं. मुख्याध्यापक बाहेर येऊन बघून गेले. टाळ्यांचा कार्यक्रम कसला आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

वर्गात परत आल्यावर बाईंनी धड्याचा दुसरा भाग सांगितला. हे जनावर संपत चाललंय. ते मासा नाही, पिल्लाला दूध पाजणारं जनावर आहे, श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. माशांच्या जाळ्यात अडकलं की वर येता येत नाही. धरणांनी नदीचे तुकडे झाले, पाण्यात नाही नाही ते सोडलं जातं. जन्मभर पाण्यात राहणारं जनावर शेवटी पाण्यात बुडून मरतं, असं बाई म्हणाल्या. मी शेजारच्या वर्गात होतो, मधे पत्र्याचं पार्टिशन, त्यामुळं सगळं मलाही ऐकू येत होतं. मग मधल्या रांगेतून श्रावणीचा आवाज आला. श्रावणी म्हणजे गावातल्या गयाबाईंची नात. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर द्यावंच लागायचं.

“बाई, तुमी बघितलाय का?”

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. “नाही,” त्या म्हणाल्या. “मी नाही बघितला. बघितलेलं माणूस शोधू आपण.”

परतीच्या एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. पोरगी बरोबर आहे, असं दोनदा म्हणाल्या. नोकरीची थोडी वर्षं राहिली होती, आणि हा एक धडा ऐकीव राहू द्यायचा नाही असं त्यांनी मनावर घेतलं. बाईंनी मनावर घेतलं की शेजारच्या सीटवरच्या माणसाचं काही खरं नसे.

बघितलेलं माणूस शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. सोयाबीन निघालं, हरभरा पेरून झाला की गावातली वयस्क मंडळी यात्रेच्या गाडीनं काशीला जातात. परत आल्यावर मावंदं घालतात. गंगेच्या पाण्याचे तोंड बंद केलेले तांब्याचे गडू पाटावर मांडायचे, पूजा करायची, भावकीला आणि गावाला पुरणपोळीचं जेवण द्यायचं. त्या दिवशी काशी करून आलेल्या माणसाच्या पाया लहानथोर सगळे पडतात. दर साली आपल्या गावातून माणसं गंगेवर जातात, नावेत बसतात आणि परत येतात, हे बाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांना साक्षीदारांची खाणच सापडली.

पहिल्या साली गाडी निघताना त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की नावेत बसाल तेव्हा पाण्याकडं लक्ष ठेवा. गाडी परत आली. पाण्याकडं कुणी बघितलंच नव्हतं. काशीत माणसाला काय कमी कामं असतात? रांग, पिंडदान, चपला सांभाळणं, हरवलेली जाऊ शोधणं. त्यात मास्तरणीचं जनावर कोण ध्यानात ठेवणार? म्हणून पुढच्या साली बाईंनी युक्ती केली. त्या म्हणाल्या, गंगामाईचं वाहन म्हणून मगर दाखवतात, पण काही जण म्हणतात ते वाहन म्हणजे हेच जनावर. यात खोटं काही नव्हतं, असं मानणारे लोक आहेत. गाडीतल्या म्हाताऱ्या कान देऊन ऐकायला लागल्या. गयाबाई पुढच्याच सीटवर होत्या, त्यांनी तिथल्या तिथं हात जोडले.

गाडी परत आली तेव्हा डॉल्फिन सगळ्यांना दिसलेला होता.

बाईंचा आनंद काय सांगू. मावंद्याच्या पंगतीत त्या जेवणं सोडून यात्रेकरूंच्या भोवती फिरत होत्या. दर्शन झालं का, तुम्ही स्वतः बघितला का, असं एकेकाला विचारत होत्या. एकेक जण डोळे मिटून मान डोलवत होता. व्हय, बघितला. नावेच्या अगदी जवळ आला होता. कुणाला तो हसताना दिसला, कुणासाठी त्यानं उडी मारली, एकानं सोडलेला नारळ तर त्यानं चोचीवर झेलला. बाईंनी वाचलेल्या पुस्तकात हे जनावर अशा उड्या मारत नाही असं होतं. मी ते त्यांना काडी टाकल्यासारखं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, सर, पुस्तक मी वाचलंय, यांनी बघितलंय. बाईंचा एक प्रश्न सगळ्या गावाला पुरून उरायचा, पण ‘हो, बघितला’ या उत्तराच्या पुढचा प्रश्न त्यांनी कधी तयारच केला नव्हता.

वर्गाच्या मागच्या भिंतीवर गंगा आली. गावातल्याच पेंटरनं निळा रंग चढवला आणि त्यात उसळी मारणारा, हसणारा डॉल्फिन काढला. प्रत्येक मावंद्यानंतर भिंतीवर नव्यानं दिसलेले डॉल्फिन चढायचे. पोरं अभिमानानं ओळखून दाखवायची, हा आमच्या आज्याचा, तो आमच्या आत्याचा. बघता बघता भिंत भरत आली. बाहेरगावचे शिक्षक येऊन फोटो काढून नेऊ लागले.

श्रावणी सातवीत गेली. त्या साली एकदा बाई उजळणी घेत होत्या, संकटात असलेले प्राणी सांगा म्हणून. कुणी माळढोक म्हटलं, कुणी डॉल्फिन म्हटलं. श्रावणी उभी राहिली.

“डॉल्फिन न्हाय बाई,” ती म्हणाली. “माळढोक आपल्यात कुनी बघितला न्हाय, म्हनून त्यो संकटात. डॉल्फिन समद्यांनी बघितलाय. दर साली वाढायलेत की.” आणि तिनं भिंतीकडं बोट केलं.

त्या दिवशी बाईंनी परतीची एसटी सोडली आणि मलाही सोडायला लावली. आम्ही गयाबाईंच्या घरी गेलो. गयाबाई ओट्यावर तूर पाखडत बसल्या होत्या. बाई त्यांच्या समोर खालीच बसल्या आणि म्हणाल्या, गयाबाई, मावंद्याचा दिवस गेला, आता खरं सांगा, तुम्हाला तो दिसला होता का?

गयाबाईंनी सूप खाली ठेवलं. “आवो बाई, लोकं पाया पडायलेली. तुमी म्हनला दर्शन झालं का. काशीला जाऊन दर्शन न्हाय झालं, असं मावंद्याच्या दिवशी कोन म्हनंल? तुमीच म्हनला वाहन हाय गंगामाईचं.”

“आणि नावेत?”

“नावंत म्या डोळं मिटून बसले. मला पान्याचं लई भ्या वाटतं.”

बाई रागावल्या नाहीत. उलट गयाबाईंच्या हातावर हात ठेवून त्या म्हणाल्या, की चूक तुमची नाही, मीच जनावराचा देव केला. फाट्यावर पुढच्या गाडीची वाट बघताना मात्र त्यांचा चेहरा मला बघवेना. “सर, तिकडं ते जनावर कमी होत चाललंय आणि आपल्या भिंतीवर वाढत चाललंय,” त्या म्हणाल्या. “मी पोरांना नेमकं उलटं शिकवलं.”

भिंत पुसून टाका, मी म्हटलं. ते सोपं नव्हतं. भिंतीवरचा प्रत्येक डॉल्फिन कुणाच्या तरी आजी-आजोबांचा होता. तो पुसायचा म्हणजे त्या म्हाताऱ्यांना त्यांच्याच नातवंडांपुढं खोटं पाडायचं, आणि तेही काशीच्या नावानं. शिंदेबाई बिबट्याला गावाबाहेर काढू शकत होत्या, पण हे त्यांच्यानं होईना. शेवटी त्यांनी ठरवलं की स्वतः काशीला जायचं आणि एक डॉल्फिन डोळ्यांनी बघून यायचं. खरा एक आणला की बाकीचे आपोआप मिटतील, असा त्यांचा हिशेब होता. नोकरीचं ते शेवटचं साल होतं, त्यामुळं दुसरी संधी नव्हती.

बाईंचे यजमान, आबा, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. ते काशीला जाऊ म्हणून कधीपासून मागं लागले होते आणि बाईंना सुट्टी मिळत नव्हती. आता बायको आपणहून तिकिटं काढा म्हणाली, तेव्हा गंगामाईच पावली असं त्यांना वाटलं. आपण देवदर्शनाला नाही तर डॉल्फिनला चाललोय हे त्यांना काशीत उतरल्यावर कळलं.

पुढचं मला बाईंनी सांगितलं, म्हणजे हे ऐकीव आहे, पण सांगणाऱ्या बाई असल्यामुळं मी ते बघितल्यातच धरतो. काशीपासून पुढं गोमती जिथं गंगेला मिळते, तिथं हे जनावर अजून आहे असं त्यांना कळलं. रोज सकाळी त्या आबांना घेऊन तिथं नावेत बसायच्या. थंडी मरणाची आणि पाण्यावर धुकं इतकं की नावेचं टोकसुद्धा धड दिसेना. आबा कांबळं पांघरून बसायचे. नावाडी वयस्क होता. तो म्हणायचा, माझ्या बापाच्या वेळी जेवायला बसलं की दोन्ही बाजूंनी वर यायचे, आता जाळी फार झाली. परत निघायच्या आदल्या दिवशी बाईंच्या पाठीमागं पाण्यात श्वास सुटला. म्हैस डोहात नाक वर काढून फुरफुरते तसा, पण लहान. बाई गर्रकन वळल्या. पाण्यावर वर्तुळ होतं, त्याखाली काही नव्हतं. आबांचं तोंड नेमकं त्याच बाजूला होतं, पण ते चष्म्यावरचं धुकं पुसत होते. “वही था, माताजी,” नावाडी म्हणाला. नंतर उन्हं चढेपर्यंत त्या तिथं थांबल्या. तो परत आला नाही.

बाईंनी मावंदं आपल्याच गावात घालायचं, असा गावानं हट्ट धरला. मारुतीच्या देवळापुढं मांडव पडला. सकाळी एसटीत बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं, की बाई, गाव एवढ्या मायेनं बोलावतंय, नावाड्यानं बघितलाच आहे, झालं दर्शन म्हणा आणि मोकळ्या व्हा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडं बघितलं. मी विषय बदलला.

पूजा झाली, गडू फोडला, तीर्थ वाटलं. बायकांनी बाईंच्या बुटांसकट पाया पडायला सुरुवात केल्यावर त्यांनी ते घाईनं काढून ठेवले. पोरं मांडवाच्या कडेनं बसली होती, त्यात श्रावणी होती. शेवटी गयाबाई पुढं आल्या, वाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, “बाई, झालं का दर्शन वाहनाचं?”

वाढपी पोळ्यांची परात घेऊन जागेवर थांबले. सगळ्या माणसांच्या चेहऱ्यावर एकच विनवणी होती, आणि ती ‘हो म्हणा’ अशी होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. बाईंनी हो म्हटलं असतं तर सगळ्यांची लाज राहिली असती.

“नाही झालं,” बाई म्हणाल्या. “रोज गेले. श्वास ऐकला एकदा. पण मी बघितला नाही.”

आबांनी मान खाली घातली. बाईंनी मग सगळं सांगितलं, धुकं, जाळी, नावाड्याचा बाप, पाण्यावरचं वर्तुळ. इतक्या लांब जाऊन तो मला दिसला नाही याचं मला फार वाईट वाटलं, असं त्या भर मांडवात म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांनी बघितलं.

गयाबाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि नातीकडं बघितलं.

“म्या बी न्हाय बघितला,” त्या म्हणाल्या.

मग खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, की आमाला बी न्हाय दिसला, आमी आपलं म्हनलो. त्याच्या पलीकडून एक बाई म्हणाली, मला बी न्हाय. मग बायकांच्या बाजूनं आवाज आला, मग मागून. ज्याचा नारळ डॉल्फिननं चोचीवर झेलला होता तो माणूस सगळ्यात शेवटी बोलला, आणि त्याला फार लाजावं लागलं नाही, कारण तोवर लोकांना हसू यायला लागलं होतं. आमच्या गावातले सगळे डॉल्फिन त्या दुपारी, पुरणपोळीच्या पंगतीआधी, एकामागून एक संपले.

श्रावणी मात्र हसत नव्हती. ती उठून बाईंपाशी आली. “मंग एक बी न्हाय?” तिनं विचारलं. तिचा चेहरा रडवेला झाला होता.

“आहे की,” बाई म्हणाल्या. “पण एखादा. म्हणून तर जीव लागतो.”

इतकी वर्षं शिकवून जो धडा पोरांना कळला नव्हता, तो त्या दिवशी जेवायच्या आधी कळला. मी भाषेचा मास्तर आहे, शब्दांनी काय होतं आणि काय होत नाही हे मला माहीत आहे. एवढ्या लोकांसमोर, पाया पडून घेतल्यावर, ‘नाही’ म्हणायला जी छाती लागते ती माझ्याजवळ नाही. ती मी फक्त शिंदेबाईंची बघितली.

पुढच्या आठवड्यात पेंटर आला आणि त्यानं भिंतीवरचे सगळे डॉल्फिन निळ्या रंगाखाली घातले. म्हाताऱ्यांपैकी कुणी तक्रार केली नाही. एक खरा काढू का, असं त्यानं विचारलं. बाई नको म्हणाल्या.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस उन्हाळ्याच्या तोंडावरचा होता. मैदानात मांडव, खुर्च्या, शाल-श्रीफळ सगळं तयार होतं आणि उत्सवमूर्तीचा पत्ता नव्हता. मुख्याध्यापकांनी मला शोधायला पाठवलं. बाई वर्गात होत्या. पोरं भिंतीकडं तोंड करून खाली बसली होती आणि त्यांच्यात पुढं, भिंतीपाशी, बाई बसल्या होत्या. समोर नुसतं निळं पाणी. मी दारातून विचारलं, काय चाललंय? वाट बघतोय, बाई हळूच म्हणाल्या, आणि हातानं मला बसायची खूण केली. बाहेर माईकवर कुणीतरी हॅलो हॅलो करत होतं. मी चपला काढल्या आणि दाराशी बसलो.

कितीतरी वेळ कुणी हललं नाही. मग मागच्या बाजूनं एका बारक्या पोरीनं गाल फुगवून श्वास सोडला, फुस्स करून. पोरं फिदीफिदी हसली. बाई हसल्या नाहीत. त्या गर्रकन आवाजाच्या बाजूला वळल्या, पार कमरेतून, नावेत वळल्या असतील तशा. वळताना त्यांचा चेहरा कसा उजळला होता ते मी कुणालाही सांगू शकतो, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय.